दर दोन तासांनी कूस : खडकीचे पॅराप्लेजिक केंद्र आणि आपली परिचर्या

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. उत्तरपत्रिकेत हे सोळा गुण ओळीने लिहिले की परीक्षक प्रसन्न होत असत. मीही ते तसेच लिहिले आणि २००४ साली पदवी घेऊन बाहेर पडलो. त्यांपैकी दोन पादांचा अर्थ मात्र मला दहा वर्षांनंतर, कोपरखैरण्यातील एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कळला. आणि तोही माझ्या स्वतःच्या हातून चूक घडल्यावर.

रुग्ण एक माजी सैनिक होता. वय तेहतीस. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. वडील भाऊ तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी कामगार. कोपरखैरणे-घणसोलीच्या वैद्यबंधूंना हे चित्र परिचयाचे असेल. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या कुटुंबांत एक माणूस मार्केटात आणि एक माणूस फौजेत असतो. हा सैन्यात वाहनचालक होता. २०१२ साली हिमालयातील रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली आणि पाठीचा कणा मोडला. दहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीला मज्जारज्जू दुखावला; कंबरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. खडकीच्या लष्करी रुग्णालयात पाठीच्या कण्याच्या इजांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे काही महिने उपचार झाले, मग मेडिकल बोर्ड होऊन तो सेवेतून बाहेर आला आणि भावाच्या घरी राहावयास आला. घर दोन खोल्यांचे, इमारतीला लिफ्ट नाही. चाकाची खुर्ची दाराच्या चौकटीतून आत जात नसे, म्हणून ती जिन्याखाली साखळी लावून ठेवलेली असे.

मला बोलावले ते आईने. ‘आयुर्वेदाने पाय सुटतात’ असे तिला कोणीतरी सांगितले होते. मी रुग्ण तपासला, फाइल वाचली. पाय सुटणार नाहीत हे मला त्याच दिवशी कळले होते. पण मी तसे स्पष्ट बोललो नाही. ‘प्रयत्न करून पाहू’ हे आपल्या व्यवसायातील सर्वांत सोयीचे वाक्य आहे. मी अभ्यंग आणि पत्रपिंड स्वेद सुरू केला. निर्गुंडी, एरंड, अर्क यांची पाने तेलावर परतून पोट्टली बांधली. रुग्ण म्हणाला, ‘डॉक्टर, पायाला गरम काही लावायचं नाही असं तिथं सांगितलं होतं.’ मी त्यास उत्तर दिले, ते मला आजही शब्दशः आठवते. मी म्हणालो, ‘हा पानांचा शेक आहे, हॉट वॉटर बॅग नाही. याने भाजत नाही.’

पाचव्या दिवशी डाव्या पायाच्या बाहेरील बाजूस, घोट्याच्या वर, तळहाताएवढा फोड होता. तो कधी आला हे रुग्णाला ठाऊक नव्हते. चादर ओली लागली म्हणून आईने पाहिले. तो मला म्हणाला, ‘मला कळलंच नाही.’ त्यात तक्रारीचा सूरही नव्हता आणि म्हणूनच ते ऐकणे कठीण गेले.

चरकाचार्यांनी रोग्याचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत ज्ञापकत्व हा एक आहे. आपल्याला काय होते आहे हे वैद्यास सांगता येणे. तोंडी परीक्षेत हा गुण मी नेहमी ‘रुग्ण बोलका असावा’ अशा अर्थाने सांगत आलो. या रुग्णाच्या बाबतीत मात्र जो अवयव दुखावत होता तो स्वतःच मुका झालेला होता. शरीराच्या अर्ध्या भागाचे ज्ञापकत्व नष्ट झाले असता ते काम कोणी करावयाचे? दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या हातांनी. म्हणजेच उपस्थात्याने. येथे चौथा पाद लंगडा असतो आणि तिसऱ्या पादाला दोघांचा भार वाहावा लागतो. मी भिषक् म्हणून द्रव्य हातात घेऊन उभा होतो आणि उरलेल्या दोन पादांकडे पाहिलेच नव्हते.

ती जखम भरून येण्यास चार महिने लागले. वाशीतील एका शल्यचिकित्सक मित्राने ती सांभाळली. मी फी न घेता रोज ड्रेसिंगच्या वेळी जाऊन उभा राहत असे. त्याच काळात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. पायाच्या जखमेमुळे त्या कुशीवर निजता येईना, म्हणून दुसऱ्या कुशीवर जास्त वेळ राहिला आणि तेथे नितंबास्थीवर लाली उमटली. एका चुकीतून दुसरी कशी जन्मते हे मी जवळून पाहिले.

आणि त्या चार महिन्यांत मी त्या घरातील रात्र पाहिली. ज्याला स्वतः वळता येत नाही अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, कारण हाडाच्या उंचवट्यावर एकाच जागी दाब राहिला की तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि त्वचा आतून मरू लागते. या रुग्णाच्या बाहूंत बळ होते, पण जखम, ताप आणि खचलेले मन यांमुळे तो स्वतः वळण्याचे सोडून बसला होता. माथाडी भाऊ पहाटे तीनच्या सुमारास भाजीच्या गाड्या उतरविण्यास निघून जाई. त्याला आठ वाजताच झोपावे लागे. वहिनीला लहान मूल. राहिली आई, वय एकसष्ट. रात्रीच्या आठ तासांत चार वेळा. वर्षाचे सुमारे दीड हजार वेळा. मी त्या माउलीस कटिशूलासाठी तेल देत होतो आणि तिच्या दुखण्याचे कारण शेजारच्या खाटेवर निजलेले होते. आपल्या केसपेपरवर ‘हेतू’ या रकान्यात असले काही लिहिण्याची पद्धत नाही.

येथे जरा जगाचा इतिहास सांगावा लागेल. पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांच्या मज्जारज्जूस इजा झाली त्यांतील बहुसंख्य काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. ते इजेने मेले नाहीत. दाबाच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी मेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ च्या फेब्रुवारीत, लुडविग गुटमान या डॉक्टरांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. ते जर्मनीतून १९३९ साली परागंदा झालेले ज्यू चेतातज्ज्ञ. त्यांच्यापाशी नवे औषध नव्हते. रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची स्वच्छता कसोशीने पाळायची, आणि माणसाला अंथरुणातून उठवून काही ना काही काम किंवा खेळ द्यायचा, हा त्यांचा उपक्रम. जी माणसे मरणार असे गृहीत धरलेले होते ती जगू लागली. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, २९ जुलैला, गुटमान यांनी आपल्या चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. सोळा स्पर्धक होते. पुढे याच रोपट्याचे पॅरालिम्पिक झाले.

आपल्या महाराष्ट्राचा धागा येथे येऊन मिळतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी जखमी झाले. एक गोळी कण्यापाशी राहिली. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना व्यायाम म्हणून पोहावयास सांगण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा माझ्या दवाखान्यातील तरुण रुग्णांना हे नाव प्रथमच ऐकू आले. मला त्या कथेतील पदकापेक्षा ‘पोहावयास सांगण्यात आले’ हे वाक्य मोठे वाटते. कोणीतरी त्यांना पथ्य सांगितले होते आणि ते पथ्य म्हणजे पाणी होते.

खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ साली स्थापन झाले. पुणे परिसरात सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा त्याहून जुनी आहे. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीस गेली. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. पॅराप्लेजिक केंद्राचे वैशिष्ट्य असे, की जेथे शस्त्रक्रिया व तातडीचे उपचार संपतात तेथे त्याचे काम सुरू होते. कण्याच्या इजेमुळे सेवेतून बाहेर पडलेला आणि घरी सांभाळ होणे शक्य नसलेला जवान तेथे राहू शकतो. काही वर्षे, आवश्यक तर आयुष्यभर. विश्वस्त संस्था म्हणून ते चालते आणि देणग्यांचा त्यास मोठा आधार असतो. गोळीने जायबंदी झालेले जवान तेथे आहेत, तसे गाडी उलटून, उंचावरून पडून जायबंदी झालेलेही आहेत. लोकांना युद्धातील जखम तेवढी वंदनीय वाटते. मज्जारज्जूला हा भेद माहीत नसतो.

आमच्या रुग्णाचा खडकीस जाण्याचा विचार २०१५ च्या अखेरीस सुरू झाला, आणि घरात मोठेच वादळ उठले. आई म्हणाली, ‘फौजेनं एकदा नेला, आता मीच परत पाठवू? लोक म्हणतील आश्रमात टाकला.’ भाऊ गप्प बसून राहिला. हो म्हटले तर ओझे झटकल्यासारखे आणि नाही म्हटले तर आई मरणार, असा त्याचा पेच. मला त्यांनी विचारले तेव्हा माझी जीभ जड झाली होती, कारण माझ्याच हाताने झालेली जखम नुकती भरलेली होती. मी एवढेच म्हणालो की रात्रीच्या चार कुशींचा हिशेब कोणी करणार असेल तर घर उत्तम. तो हिशेब शेवटी रुग्णानेच केला. पुढच्या वर्षी तो खडकीस गेला.

पहिल्यांदा मी त्यास भेटावयास गेलो तो वाशीहून एसटीने, मनात अपराधी भाव घेऊन. मला वाटले होते, ओळीने खाटा असतील आणि छताकडे पाहत पडलेली माणसे असतील. तो मला बाहेरच भेटला, खुर्चीवर, उतरणीच्या वाटेने स्वतः चाके फिरवीत आला. कोपरखैरण्याच्या घरात दीड वर्ष जिन्याखाली साखळीने बांधून ठेवलेली होती ती हीच खुर्ची! आम्ही तासभर बोललो. बोलता बोलता तो मधूनच दोन्ही तळवे खुर्चीच्या कडांवर टेकून स्वतःला वर उचली, क्षणभर थांबे आणि पुन्हा बसे. मी कारण विचारले. ‘बैठकीवरचा दाब काढायचा. विसरलो की शेजारचा ओरडतो,’ तो म्हणाला. मग त्याने लांब दांड्याचा एक लहान आरसा दाखविला. सकाळ-संध्याकाळ त्या आरशात तो स्वतःची पाठ, बैठक, टाचा पाहतो. कोठे लाली दिसली तर ती जागा दाबून पाहावयाची. दाबूनही पांढरी पडली नाही तर त्या बाजूवर भार देणे त्या दिवसापासून बंद.

मला ज्ञापकत्व परत आलेले दिसले. संवेदना आलेली नव्हती. पण आरसा, सवय आणि शेजारचा माणूस मिळून तिचे काम करीत होते.

दिनचर्या हा आपल्या शास्त्राचा आवडता विषय. अशा केंद्रातील माणसाची दिनचर्या ऐकून मला आपल्या व्याख्यानांची थोडी लाजच वाटली. मूत्राचा वेग जाणवतच नाही, म्हणून तो घड्याळ पाहून ठरावीक अंतराने स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामा करतो. पाणी किती आणि केव्हा प्यावयाचे याचा हिशेब ठेवतो. मलविसर्जनाची वेळ रोज एकच, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर, कारण अन्न पोटात गेले की आतड्यांस चालना मिळते आणि हा प्रतिक्षेप अनेक रुग्णांत शिल्लक असतो. वेगधारण करू नये असे आपण सांगतो; येथे वेगच मुका आहे आणि त्याच्या जागी शिस्त बसविलेली आहे. या शिस्तीत तासाभराची चूक झाली तर अंथरूण खराब होते, आणि त्याहून अधिक माणसाचा मान जातो. भेटीस येणारे पाहुणे पदके आणि चित्रे पाहून जातात. हातही न चालणारे काही जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, कोणी विणकामाच्या यंत्रावर बसतो, कोणी संगणक शिकतो, संध्याकाळी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल रंगतो. हे सर्व खरे आहे आणि पाहण्यासारखे आहे. परंतु सेवेची प्रत पाहावयाची असेल तर सकाळची मोरी पाहावी असे माझे मत झाले आहे. जेथे रुग्णाला शौचास किती वेळ थांबावे लागते याची कोणी चौकशी करतो तेथील बाकीचे बहुधा ठीक असते.

हा सर्व विषय आपल्या संहितांना नवा नाही, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. पण तो जरा जपून करतो. सुश्रुताचार्यांनी कुकुंदर मर्माच्या आघाताने शरीराच्या खालच्या भागात स्पर्शज्ञान नाहीसे होते आणि हालचाल थांबते असे वर्णन केले आहे. हे निरीक्षण रणांगणावरचे असावे, कारण त्याच संहितेच्या सूत्रस्थानात युक्तसेनीय नावाचा अध्याय सैन्यासोबत जाणाऱ्या वैद्यासाठी आहे. व्रणितोपासनीय अध्यायात जखमी माणसाचे घर कसे असावे, शय्या कशी असावी, त्याच्याशी गोड बोलणारे मित्र जवळ असावेत, हे सांगितले आहे. चरकाच्या उपकल्पनीय अध्यायात रुग्णगृहाची सामग्री मोजली आहे, तीत मजबूत वास्तू, न्हाणीघर, शौचकूप, स्वयंपाकघर, सेवक यांच्याबरोबर गाणारे, वाद्य वाजविणारे आणि कथा-इतिहास सांगणारे लोकही आहेत. दुभती गायसुद्धा आहे. आपण त्यातील औषधांची यादी शिकतो आणि गवयाला वगळतो. खडकीच्या त्या संध्याकाळच्या बास्केटबॉलकडे पाहताना मला चरकाचा हा गवई आठवला. तथापि संहितेत कुकुंदराचा उल्लेख आहे म्हणून त्याचा उपायही आपल्यापाशी तयार आहे असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तुटलेला मज्जारज्जू जोडणारे औषध आज कोणत्याही शास्त्राकडे नाही. असे असताना ‘सहा महिन्यांत उभा करतो’ म्हणून सैनिकाच्या पेन्शनवर डोळा ठेवणारे लोक आपल्यातच आहेत, हे आपल्या संघटनेच्या अंकात तरी मोकळेपणाने लिहिले पाहिजे. आमच्या रुग्णाच्या आईने मजपूर्वी अशा एकास बरीच रक्कम दिली होती. मी पैसे कमी घेतले एवढाच आमच्या दोघांत फरक, असे एखाद्याने म्हटले तर मला उत्तर देता येणार नाही.

याप्य ही संज्ञा आपल्याकडे आहे आणि ती मोलाची आहे. कोसळू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा सुश्रुतांनी तिच्यासाठी दिली आहे. टेकू घर दुरुस्त करीत नाही. पण घरात माणसे राहू शकतात.

मग वैद्याने करावयाचे काय? २०२२ साली संरक्षण मंत्रालय आणि आयुष मंत्रालय यांनी देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचे ठरविले. त्या यादीत खडकी व देहूरोडही आहेत. नवी मुंबईत नेरुळच्या आर्मी कॉलनीपासून खारघरच्या जलवायू विहारापर्यंत माजी सैनिकांची कुटुंबे राहतात आणि ती आपल्याकडे येतात. तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. जे मी चुकून शिकलो ते तरुण वैद्यांनी न चुकता शिकावे म्हणून येथे लिहितो.

संवेदना नसलेल्या भागावर कोणताही उष्ण स्वेद नको. पोट्टली, नाडी, अवगाह, वाळूची पुरचुंडी, काहीही नाही. ‘सोसवेल इतके गरम’ ही आपली मोजपट्टी तेथे निरर्थक असते, कारण सोसणारा कोणी नसतो. हाडाच्या उंचवट्यावर लाली दिसली की आपला हात आपोआप तेलाकडे जातो. तो आवरावा. त्या जागी चोळल्याने आतील दुखावलेली ऊती अधिक फाटते. तेथे उपचार एकच, दाब काढणे. निकामी पायांची हाडे काही वर्षांत विरळ होतात आणि जोरकस मर्दनाने किंवा सांधे ताणल्याने मोडू शकतात, आणि मोडली तरी रुग्ण ओरडणार नाही. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर ते वातशोथ समजून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब रुग्णालयात पाठवावे.

सर्वांत महत्त्वाचे पुढचे आहे, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात मला तरी कोणी शिकविले नव्हते. इजा सहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर खालच्या भागातील साध्या उत्तेजनानेही रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. यास ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागास दरदरून घाम सुटतो. कारण बहुतेक वेळा तुंबलेला मूत्राशय किंवा पिळवटलेली नळी असते. कधी साचलेला मळ. अशा वेळी शिरोधारेची तयारी करीत बसू नये! रुग्णास उठवून बसवावे, कपडे-पट्टे सैल करावेत, नळी मोकळी आहे का पाहावे, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. गुदमार्गाचे उत्तेजनही हा उद्रेक घडवू शकते, म्हणून अशा रुग्णास घरी बस्ती देण्याचे मी पूर्णपणे सोडले आहे. वाताची परमचिकित्सा बस्ती हे मीही जाणतो. तरीही.

हे ‘नको’ पुष्कळ झाले. आपल्याला करण्याजोगेही आहे, आणि ते मला त्या रुग्णानेच दाखविले. कंबरेखालचे काम ज्यांनी उचलले आहे ते खांदे दहा-पंधरा वर्षांत झिजतात. खुर्ची ढकलणे, खाटेवरून खुर्चीवर जाणे, आणि ते दिवसातून अनेकदा स्वतःला उचलणे, सारे खांद्यांवर. खांद्याला पूर्ण संवेदना आहे, तेथे आपले तेल आणि आपला शेक सुरक्षित आहे, आणि तेथे रुग्ण ‘बस, गरम लागतंय’ असे म्हणू शकतो. जडान्न, रात्रीचे उशिरा जेवण, वाढते वजन यांबाबत आपले पथ्य उपयोगी पडते. वजन वाढले की खांद्यावरचा भार वाढतो इतका हा साधा हिशेब आहे. निद्रा, मनाची उदासी, येथेही आपल्याला पुष्कळ काम आहे, मात्र रुग्णाचे इतर औषध सुरू आहे हे विसरून नव्हे.

केंद्र म्हणजे घर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तो गणपतीत येतो. दुसऱ्या मजल्यावर त्यास चौघे उचलून नेतात. त्या चौघांपैकी दोघे मार्केटातले, पाठीवर पोती वाहणारे, म्हणून ते सहज होते. पण उचलले जाणे त्याला आवडत नाही. एका वर्षी तो वर आलाच नाही. तळमजल्याच्या शेजाऱ्यांकडे थांबला आणि आरतीचे ताट खाली आले. पाचव्या दिवशी परत जाताना आई रडली. त्याला परत जाण्याची घाई होती. तेथे संघाचा सराव होता. आईस याचे दुःखही झाले आणि थोडे बरेही वाटले असावे, असा माझा तर्क आहे. तिच्या कंबरेचे दुखणे आता पुष्कळ कमी आहे. मी दिलेल्या तेलाचे श्रेय ती मला देते आणि मी ते नाकारतो. तिला तो माझा विनय वाटतो.

गेल्या गणपतीत मी त्यास पाहण्यास गेलो तेव्हा त्याने उजवा खांदा पुढे केला. हात वर नेताना वरच्या अर्ध्या वाटेत दुखत होते. मी गुडघ्यावर बसून तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने तेलाचा थेंब आधी माझ्या मनगटावर टाकला, मग त्याच्या मनगटावर. तो हसला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, हा खांदा बोलतो. तुम्ही लावा.’